कोबोल्ड : खाणीतले भूत, खेळातला राक्षस

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्ता, बोनस, नाहीतर नवे कामगार कायदे यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरी ठरते. आज मात्र मी एका राक्षसाविषयी बोलणार आहे. हा राक्षस काही मोठा नाही. उंची जेमतेम तीन फूट, अंगाने किडमिडीत, एका सोट्यात आडवा होणारा. त्याचे नाव कोबोल्ड. अमेरिकेत निघालेल्या एका खेळामुळे तो गेल्या पन्नास वर्षांत जगभर जाऊन पोचला, आणि खेळणारी तरुण मंडळी त्याला अगदीच क्षुद्र समजतात. पण त्याचे मूळ शोधू गेले तर आपण जमिनीखाली उतरतो. तेथे चरबीच्या दिव्याच्या उजेडात माणसे दगड फोडीत होती आणि तरणीताठी मरत होती. त्या माणसांनीच हा राक्षस पाहिला. तेव्हा विषय माझ्या धंद्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

प्रथम खेळाची ओळख करून देतो, कारण समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांना तो ठाऊक नसणार. खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. डन्जन म्हणजे भुयार, तळघर, आणि ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा पंखांचा सर्प. तो १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या गावी प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. यांपैकी गायगॅक्स विमा कंपनीत नोकरीला होता. १९७० साली ती नोकरी गेली, आणि पुढे काही काळ तो घरी बसून बूट दुरुस्त करीत असे. रात्री खेळाचे नियम लिहावे, दिवसा बुटांना तळ ठोकावेत. शेवटी एका खोक्यात घातलेल्या तीन लहान पुस्तिका, एवढ्या भांडवलावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी धंदा सुरू केला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

खेळायला चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. बाकीचे एकेक सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, “तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आत अंधार आहे, पाणी ठिबकल्याचा आवाज येतो आहे. काय करता?” मग प्रत्येकाने आपापल्या सोंगाला शोभेल असे उत्तर द्यायचे. वार लागला की चुकला हे फासा ठरवितो. फासेही साधे नव्हेत. चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे असतात. म्हटले तर सोंगट्यांचा डाव, म्हटले तर पाठ केलेल्या संहितेविना रंगणारे दशावतारी नाटक. पडदा नाही, प्रेक्षक नाहीत, आणि शेवट कोणालाच माहीत नाही.

आता अशा भुयारात राक्षस हवेतच, आणि तेही दर खेपेला नवे हवेत. ते कोठून आणावयाचे? गायगॅक्सने मिळेल तेथून आणले. युरोपातल्या लोककथांतून आणले, ग्रीक पुराणांतून आणले, कादंबऱ्यांतून आणले. लोखंड खाऊन त्याचा गंज करणारा एक प्राणी आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल हे दोन तर त्याने हाँगकाँगला बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून बेतले. पिशवीतून निघालेल्या त्या चित्रविचित्र आकृत्या कोणत्या प्राण्याच्या आहेत हेच कळेना, म्हणून त्यांना नावे देऊन राक्षस केले! १९७७ साली या सर्व राक्षसांचा एक जाडजूड कोश निघाला. त्यात आपला राक्षसही आहे, ‘राक्षस’ याच नावाने, हिंदुस्थानातला म्हणून. मात्र त्याला वाघाचे डोके लावले आहे आणि चित्रात तो झकास पोशाख करून चिलीम ओढीत बसला आहे. आपल्या आजीने गोष्टीत सांगितलेला राक्षस असा नव्हता. पण परदेशी गेलेल्या माणसाचा वेष बदलतो, तसे राक्षसाचेही होते. आजचा सगळा विषय एका अर्थी हाच आहे.

१९७४च्या पुस्तिकांत कोबोल्डाला दोन-तीन ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. गोब्लिन नावाचा एक ठेंगणा दुष्ट प्राणी आधी वर्णिला होता. कोबोल्ड त्यासारखाच समजावा, मात्र त्याहून दुबळा, एवढेच सांगितले होते. एक ते तीन इतके मार खाल्ले की मेला. १९७७च्या कोशात हा आकडा एक ते चार झाला. अंगावर केस नाहीत, डोक्यावर बारीक शिंगे, रंग गंजासारखा तांबूस ते काळपट, असे वर्णन आले. आणखी एक आकडा त्याच पानावर आहे. कोबोल्ड भेटले तर किती भेटतात? चाळीस ते चारशे. एकेकटा कवडीमोल, पण संख्या भरमसाट. कामगाराची व्याख्या याहून वेगळी नाही, असे माझ्या मनात आले. पण ती गोष्ट पुढे येईलच.

नव्याने खेळायला बसलेल्या मुलांना पहिल्या दिवशी मारायला काहीतरी हवे असते, म्हणून कोबोल्ड. त्याला मारून दोन पैसे मिळवावे, थोडे बळ वाढवावे, मग मोठ्या राक्षसांकडे वळावे. हजारो टेबलांवर हा शिरस्ता पडला. मारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी विचारले असेल की हा प्राणी भुयारात करतो काय? त्याचे तेथे काम काय?

याचे उत्तर अमेरिकेत नाही. त्यासाठी साडेपाचशे वर्षे मागे आणि युरोपात जावे लागते.

आजच्या जर्मनी आणि चेक देश यांच्या सीमेवर डोंगरांची एक रांग आहे. जर्मन भाषेत तिचे नाव एर्झगेबिर्ग, म्हणजे खनिजांचा डोंगर. १४७०च्या सुमारास तेथे श्नेबेर्ग या ठिकाणी चांदीचे मोठे घबाड सापडले. मग आनाबेर्ग, मग १५१६ साली योआखिम्सथाल, अशी गावे रानात उगवली. योआखिम्सथालच्या चांदीची नाणी पाडली गेली त्यांना लोक ‘थालर’ म्हणू लागले, आणि त्या थालरचाच अपभ्रंश होऊन आजचा ‘डॉलर’ झाला. जगातील सर्वांत बलिष्ठ नाण्याचे नाव एका खाणगावावरून पडले आहे, हे डॉलर मोजणाऱ्यांना क्वचितच माहीत असते.

जर्मन मुलखात कोबोल्ड हा त्याआधीपासून होता, पण तो घरातला. चुलीमागे, गोठ्यात, माळ्यावर राहणारा. त्याला दुधाची वाटी ठेवली तर रात्रीतून घरची कामे उरकून टाकणार, आणि ठेवायला विसरलात की भांडी फोडणार, गुरे सोडणार. थोडक्यात, मजुरी वेळेवर हवी असलेला गडी! शेतकऱ्यांची मुले खाणीवर मजुरीला गेली तेव्हा ती घरातले हे भूतही सोबत घेऊन गेली. आणि खाणीत गेल्यावर भुताचा स्वभाव बदलला.

तो का बदलला हे समजण्यासाठी खनिज समजून घ्यावे लागेल. खाणीत चांदीच्या शिरांबरोबर एक दुसरे खनिज सापडत असे. दिसायला चकचकीत, वजनाला जड, चांदीच्या खनिजाशी सहज घोटाळा व्हावा असे. मजूर ते खणी, डोक्यावरून वर आणी, भट्टीवाले ते भाजीत. चांदीचा कणही निघत नसे. निघे तो दाट पांढरा धूर, लसणासारख्या वासाचा. तो छातीत गेला की माणूस कायमचा खोकू लागे. शिवाय खाणीत पाणी साचलेले. या खनिजाच्या ओल्या चिखलात उभे राहून काम केले की पायांना आणि हातांना जखमा पडत आणि त्या चरत जात. आज आपण सांगू शकतो की त्या खनिजात एका अज्ञात धातूबरोबर सोमल होता. सोमल म्हणजे आर्सेनिक, जुन्या काळचे प्रसिद्ध विष. भाजल्यावर तो धूर होऊन वर येई. पण १५०० साली हे सांगणार कोण? मजुरांनी सांगितले ते असे: येथे मुळात चांदीच होती, कोबोल्डाने ती चोरली आणि तिच्या जागी हा विषारी दगड ठेवला. त्या दगडालाच ते ‘कोबेल्ट’ म्हणू लागले.

येथे सुशिक्षित माणूस हसतो. मला मात्र हसू येत नाही. त्या मजुराचे निरीक्षण तपासून पाहा. कोणता दगड घातक, तो कोणत्या शिरेजवळ सापडतो, कोरडा असताना काय करतो, ओला असताना काय करतो, भट्टीत काय करतो, हे सर्व त्याने बिनचूक टिपले होते. या दगडापासून जपून राहा, हे पोरांना सांगायला त्याला एक नाव हवे होते आणि ते नाव त्याने आपल्या घरच्या भुताकडून उसने घेतले. रसायनशास्त्र जन्मायला अजून दोनशे वर्षे अवकाश होता. खाणीचे भाग १२८ पाडलेले असत, आणि ते भाग विकत घेणारे पुष्कळसे भागधारक दूरच्या शहरांत राहत. त्यांना कोबोल्ड दिसण्याचे कारणच नव्हते.

या खाणींत एक डॉक्टर येऊन राहिला, ही इतिहासाची मेहेरबानी म्हटली पाहिजे. त्याचे नाव गेऑर्ग बाउअर. बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळच्या पंडिती रिवाजाप्रमाणे त्याने नावाचे लॅटिन केले आणि तो अ‍ॅग्रिकोला झाला. जन्म १४९४चा. १५२७ साली तो योआखिम्सथालला गावचा डॉक्टर म्हणून आला, आणि औषधे देता देता खाणीत उतरू लागला. खाणकामावरचा त्याचा मोठा ग्रंथ १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, बाझेल येथे छापला गेला. मूळ लॅटिन, इंग्रजी भाषांतर १९१२ साली निघाले ते हर्बर्ट हूव्हर या खाण-इंजिनिअरने आणि त्याच्या विदुषी पत्नीने केले. हाच हूव्हर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि महामंदीत बेकार झालेल्या लाखो कामगारांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. पण हे भाषांतर करून त्याने आम्हां कामगारांवर एक उपकार केला आहे, तेवढा मान्य करावा.

ग्रंथात काय काय आहे म्हणता! दिवसाचे तीन भाग करून सात-सात तासांच्या पाळ्या होत्या. एकाच माणसाने लागोपाठ दोन पाळ्या करू नयेत असा दंडक होता. रात्रपाळीची माणसे झोप येऊ नये म्हणून गाणी म्हणत. विषारी खनिजाने हातपाय खाल्ले जातात, फुप्फुसे आणि डोळे बिघडतात, हे सांगून लेखक लगेच उपाय देतो: कच्च्या कातड्याचे उंच बूट घालावेत, कोपरापर्यंत हातमोजे घालावेत, तोंडावर सैल बुरखा घ्यावा. १५५६ साली ही मागणी छापून निघाली होती, मित्रहो. हातमोज्यांसाठी मी स्वतः एका कारखान्याच्या व्यवस्थापकापुढे तीन वर्षे अर्ज करीत होतो, तेव्हा मला अ‍ॅग्रिकोला ठाऊक असता तर बरे झाले असते. आणखी एक वाक्य आहे ते वाचून मी पुस्तक खाली ठेवले. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींपाशी अशा बायका आढळतात की ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले आणि सातही नवरे छातीच्या रोगाने गेले, असे तो लिहितो.

हाच शहाणा, चिकित्सक माणूस भुतांविषयीही लिहितो. १५४९ साली त्याने जमिनीखालच्या प्राण्यांवर एक पुस्तक लिहिले, त्यात शेवटी खाणीतली भुते येतात. त्याने त्यांचे दोन प्रकार केले आहेत. एक प्रकार निरुपद्रवी. हे ठेंगू, खाणकामगारासारखेच कपडे घातलेले, सदा काहीतरी करताना दिसतात, खणतात, पोहरे भरतात, चाके फिरवितात. प्रत्यक्षात मात्र काहीच करीत नाहीत. यांनाच तो कोबोल्ड म्हणतो. दुसरा प्रकार भयंकर. आनाबेर्गच्या एका खाणीत लांब मानेच्या घोड्याच्या रूपाने एक भूत आले आणि त्याने नुसत्या उच्छ्वासाने बाराहून अधिक कामगार मारले, असे तो नमूद करतो. उच्छ्वासाने! कोंदट बोगद्यात विषारी वायू साचतो, माणसे एकामागून एक कोसळतात, अंगावर जखम नसते. ज्यांनी प्रेते वर आणली त्यांनी ‘उच्छ्वास’ हा शब्द किती नेमका निवडला पाहा. अ‍ॅग्रिकोलाने खाण सोडून देण्याच्या कारणांत भुतांचा उल्लेख केला आहे आणि त्यांवर प्रार्थना-उपवासाचा उपाय दिला आहे. पण भुतांना तो चार ओळी देतो. खाणीत हवा खेळती ठेवण्याच्या भात्यांना, पंख्यांना, वारा पकडणाऱ्या यंत्रांना मात्र पानेच्या पाने आणि चित्रे देतो. त्याचा भरवसा कशावर होता हे पानांच्या संख्येवरून कळते.

पुढची हकिकत वेगाने सांगतो. फेकून दिलेल्या या दगडापासून काचेला सुरेख निळा रंग येतो असे लक्षात आले आणि जे निरुपयोगी होते ते सोन्याच्या मोलाचे झाले. सॅक्सनीत निळ्या रंगाचे कारखाने निघाले. दगड भाजताना उडणारा सोमलही आता वाया जाऊ देत नसत. लांबलचक धुराड्यांत तो पांढऱ्या भुकटीच्या रूपाने साचे आणि ती भुकटी खरवडायला माणसे आत शिरत. चिनी मातीच्या भांड्यांवरील निळी नक्षी पाहताना ही माणसे आठवावीत. १७३५च्या सुमारास गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हा रंग एका नव्या धातूमुळे येतो. धातूला नाव मिळाले कोबाल्ट. भुताचे नाव मूलद्रव्याला मिळाले! त्याच्याच शेजारचे निकेल हेही तसेच. तांब्यासारखे दिसून तांबे न देणाऱ्या खनिजाला खाणवाले ‘तांब्याचे भूत’ म्हणत; त्यातून १७५१ साली क्रोनस्टेट याने जो धातू वेगळा काढला त्याचे नाव निकेल पडले.

पण श्नेबेर्गचे कामगार मरतच होते. १८७९ साली हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी त्यांच्या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मरणाऱ्या खाणकामगारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश फुप्फुसातल्या गाठीने मरतात, असे त्यांना आढळले. (यांतला हेसे पुढे जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेला, आणि जंतू वाढवायला समुद्रशेवाळाचे अगर वापरावे ही सूचना त्याच्या पत्नीने केली, जगातल्या सर्व प्रयोगशाळा आजही ते वापरतात. स्वयंपाकघरातले ज्ञान कोठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.) त्या डोंगरात कोबाल्टबरोबर युरेनियमही होते. १८९८ साली मेरी क्यूरीने रेडियम शोधले ते योआखिम्सथालच्याच खनिजात. युरेनियमच्या खडकातून रॅडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू झिरपतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तोच शतकानुशतके छातीत जात होता. १९२५ साली जर्मनीने व्यवसायजन्य रोगांची पहिली कायदेशीर यादी केली तेव्हा तीत ‘श्नेबेर्गचा फुप्फुसरोग’ घातला. अ‍ॅग्रिकोलाच्या ग्रंथापासून मोजले तर या यादीला ३६९ वर्षे लागली. ज्यांनी कापडगिरणीतल्या कामगाराच्या छातीतला कापूस ‘धंद्यामुळे’ बसला की ‘विडीमुळे’ यावर वैद्यकीय मंडळापुढे वाद घातला आहे, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

आता पुन्हा टेबलाभोवतीच्या खेळाकडे येऊ. हे सारे १९७४च्या पुस्तिकेत कोठे उरले? जवळजवळ काहीच उरले नाही. भुयार उरले, ठेंगणेपणा उरला, दुष्टपणा उरला. सोमल गेला, चांदी गेली, खाणकामगाराचे कपडे गेले. १९७७च्या कोशात कोबोल्डाचे ग्नोम नावाच्या दुसऱ्या ठेंगू जातीशी हाडवैर आहे, असे मात्र सांगितले. गंमत अशी की हा ग्नोमही मूळचा जमिनीखालचाच. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याने त्याला पुस्तकात आणले. म्हणजे एकाच खाणीतली दोन भुते, आणि खेळात ती एकमेकांचे गळे धरतात. एका खात्यातले कामगार दुसऱ्या खात्यातल्या कामगारांवर घालावेत, ही युक्ती आम्हांला नवी नाही.

रूपाच्या बाबतीत तर कोबोल्डाचे फारच हाल झाले. कोशातल्या चित्रकाराने अंगावर खवले काढले आणि तोंड कुत्र्यासारखे केले. १९८१च्या प्राथमिक नियमपुस्तकात त्याला कुत्र्यासारखा माणूस म्हटले. जपानी लोकांनी हे कुत्र्याचे रूप उचलले आणि तेथल्या खेळांत, चित्रकथांत कोबोल्ड अजून कुत्रातोंड्याच आहे. अमेरिकेत मात्र २००० साली खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कुळात गेला, ड्रॅगनचा दूरचा गरीब नातेवाईक झाला. त्याच आवृत्तीत कोणा नियमकर्त्याला मूळ आठवले असावे, कारण कोबोल्डाला दोन धंद्यांत उपजत कौशल्य दिले: सापळे रचणे आणि खाण खणणे. सरडा झाला, पण हातात कुदळ परत आली.

यांहून महत्त्वाचा बदल त्याआधीच होऊन गेला होता, आणि माझ्या दृष्टीने कोबोल्डाच्या खेळातील चरित्राचा तोच गाभा आहे. या खेळाला वाहिलेले ‘ड्रॅगन’ नावाचे मासिक होते. १९८७च्या नोव्हेंबर महिन्याच्या, १२७व्या अंकात संपादक रॉजर मूर याने एक छोटा लेख लिहिला. टकर नावाच्या एका सूत्रधाराच्या खेळातली ती हकिकत. त्या भुयारात खालच्या मजल्यांवर भयानक राक्षस होते आणि अगदी वरच्या मजल्यावर, वाटेतच, कोबोल्ड होते. खेळणारे वीर कसलेले, जादूची शस्त्रे बाळगणारे. असे वीर कोबोल्डाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण टकरचे कोबोल्ड एकेकटे समोर येऊन मरत नसत. आपल्याला मोठ्या माणसाशी समोरासमोर लढता येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. बोगदे त्यांनी असे अरुंद ठेवले होते की धिप्पाड योद्ध्याला नीट वळता येऊ नये. भिंतींना झरोके ठेवून तेथून ते बाण मारीत, वाटेत आग लावीत, वीर पळू लागले की पुढची दारे बंद करीत. धुराने डोळे चुरचुरत आहेत, सामान जळून गेले आहे, आणि शत्रू तर दिसतही नाही, अशा अवस्थेत त्या नामांकित वीरांना खालच्या मजल्यावरचे राक्षस परवडले असे वाटू लागले! लेख दोन-चार परिच्छेदांचाच, पण ‘टकरचे कोबोल्ड’ हा शब्द त्या खेळाच्या भाषेत कायमचा शिरला. संघटित दुबळ्यांची फौज, असा त्याचा अर्थ.

नियमांत एक अक्षर बदलले नव्हते. कोबोल्डाला तेवढाच मार सहन होत होता, त्याचा वार तेवढाच हलका होता. बदलला तो एवढाच की ते आपल्या जागेचा, आपल्या संख्येचा आणि आपल्या उंचीचा विचार करून एकत्र वागू लागले. २०१४च्या आवृत्तीत तर नियमकर्त्यांनी हे छापूनच टाकले. त्यात कोबोल्डाला एक गुण दिला आहे: ज्याच्यावर वार करायचा त्याच्या पाच फुटांच्या आत कोबोल्डाचा एखादा सोबती उभा असला, तर कोबोल्डाने एकाऐवजी दोन फासे टाकावेत आणि त्यांतला मोठा आकडा घ्यावा. सोबती नसेल तर एकच फासा. युनियनच्या अभ्यासवर्गात एवढी सुटसुटीत व्याख्या मला कधी जमली नाही.

कोबाल्ट हा धातूही आता श्नेबेर्गचा राहिलेला नाही. आपल्या खिशातल्या मोबाईलच्या बॅटरीत तो असतो, विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटरीतही असतो. जगात निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक आफ्रिकेतल्या काँगो देशातून येते, कोल्वेझीच्या आसपासच्या खाणींतून. त्यांत मोठ्या कंपन्यांच्या यांत्रिक खाणी आहेत, तसेच हाताने खणणारे हजारो लोकही आहेत. २०१६ साली मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी या संस्थेने त्यांच्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लहान मुले खनिज निवडताना आणि धुताना आढळली, बहुतेक खणणाऱ्यांच्या हातांत मोजे नव्हते आणि तोंडावर फडके नव्हते. अ‍ॅग्रिकोलाने सांगितलेले कोपरापर्यंतचे मोजे त्यांच्यापर्यंत पोचायचे आहेत.

आमच्या कचेरीत संध्याकाळी येणाऱ्या तरुणांपैकी दोघे-तिघे हा खेळ खेळतात. त्यांतला एक सूत्रधार आहे. कोबोल्डाच्या भुयाराला काही नवेपण कसे आणावे, असे त्याने मला विचारले होते. मी त्याला सांगितले की वीर आत शिरले की त्यांना आधी काही दिसू देऊ नकोस. दूरवर कोणीतरी दगड फोडतो आहे असा आवाज येऊ दे. पाण्याच्या डबक्याकाठी कच्च्या कातड्याचे लहान-लहान बूट ओळीने वाळत घातलेले असू देत. आणि पुढच्या वळणावर, भट्टी दिसण्याआधी, लसणाचा वास येऊ दे.